लाल मुनियाचे एक वर्ष : चित्रप्रकल्पाच्या नोंदी

२१ जून २०२३

आमच्या गावाची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडाझुडपांची आणि पशुपक्ष्यांची नोंद, नव्याने लिहायला घेतली आहे आणि तिच्यातील पक्ष्यांची चित्रे काढण्याचे काम जैवविविधता व्यवस्थापन समितीने माझ्याकडे सोपवले आहे. या नोंदवहीमागचा जैविक विविधता कायदा २००२ सालचा. आमची पहिली नोंदवही त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आणि बऱ्याच घाईत तयार झाली. तिच्यात पक्ष्यांच्या नावांपुढे झेरॉक्सवर काळवंडलेली छायाचित्रे चिकटवलेली आहेत. त्यांतून बगळा आणि करकोचा एवढा भेद कळतो, त्यापलीकडे काही कळत नाही. चित्रकलेचा शिक्षक म्हणून नोकरी संपवून घरी बसलेल्या माणसाला हे काम नाकारण्याचे कारण नव्हते.

पहिला पक्षी म्हणून लाल मुनिया निवडला आहे. रोवणीच्या दिवसांत तलावाच्या पाळीवरच्या गवतात तो सर्वांनी पाहिलेला असतो, आणि रंगामुळे त्याचे चित्र लोकांना आवडेल असा माझा हिशेब आहे. योजना साधी आहे : तीनशे जीएसएमचा एक जाड कागद, त्यावर एक नर, एक मादी आणि बसायला गवताची एक काडी. पंधरा दिवसांत पान पूर्ण व्हावे.

जुन्या नोंदवहीतील पक्ष्यांच्या तक्त्यात 'आढळण्याचा काळ' असा एक रकाना आहे आणि लाल मुनियापुढे तेथे 'पावसाळा' असे लिहिलेले आहे. मीही लहानपणापासून तेच ऐकत आलो आहे, म्हणून नव्या तक्त्यात तो शब्द पेन्सिलीने जसाच्या तसा उतरवून घेतला.

२५ जून २०२३

पाऊस धड सुरू झालेला नाही, त्यामुळे घरी बसून जुनी चित्रे पाहिली. या पक्ष्याला इंग्रजीत 'अ‍ॅव्हडव्हॅट' म्हणतात आणि त्याच्या शास्त्रीय नावात 'अमंडावा' हा शब्द दोनदा येतो; ही दोन्ही रूपे अहमदाबाद या शहराच्या नावाची आहेत. पक्षी अहमदाबादचा नव्हे, बाजार अहमदाबादचा. ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर १६७०च्या दशकात सुरतेस होता. १६९८ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने अहमदाबादहून येणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांचा उल्लेख केला आहे : अंगावर पांढरे आणि तांबडे ठिपके, ते गोवराच्या पुळीहून मोठे नाहीत, एका पिंजऱ्यात पन्नास पक्षी, आणि एकाने सूर धरला की बाकीचे त्याला साथ देतात. वैद्याला ठिपका दिसला आणि त्याला गोवर आठवला, हे मला फार खरे वाटते. आमच्या गावातल्या माणसाला तेथे तांदळाची कणी आठवली असती.

पुढे १७३८ साली एलिझर अल्बिन या चित्रकाराने लंडनमध्ये पक्ष्यांवरच्या आपल्या ग्रंथाचा तिसरा खंड काढला, त्यात या पक्ष्याच्या नर-मादीचे हाताने रंगवलेले चित्र आहे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने १७५८ मध्ये या पक्ष्याला शास्त्रीय नाव देताना अल्बिनचा आधार घेतला आणि त्याला 'फ्रिंजिला' म्हणजे फिंच पक्ष्यांच्या गणात घातले. आज मुनियांचे कुळ खऱ्या फिंचपासून वेगळे मानतात, तरी बोलण्यात आणि पाळीव पक्ष्यांच्या व्यवहारात फिंच हा शब्द त्यांना चिकटून राहिला आहे.

या जुन्या चित्रात एक नर आणि एक मादी आहे. माझीही योजना नेमकी तीच असल्यामुळे आज मला थोडे बरे वाटले.

२ जुलै २०२३

पहाटे साडेपाचला तलावावर गेलो. आमचा तलाव मालगुजारी आहे, म्हणजे जुन्या जमीनदारी अमलातला, तलाव बांधण्यात तरबेज असलेल्या कोहळी समाजाने बांधलेला. पाळीच्या एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या. पाण्याच्या बाजूने बेशरमीच्या रानटी झुडपांनी बराच काठ खाल्ला आहे, तरी सांड्याजवळ, म्हणजे जादा पाणी बाहेर पडते त्या जागेजवळ, कास, पाणकणीस आणि थोडे देवधान शिल्लक आहे. दोन तास बसलो. लाल मुनिया एकही दिसला नाही. मातकट रंगाच्या सात-आठ बारक्या पाखरांचा एक थवा गवतातून उठून पलीकडे गेला, त्याच्याकडे मी लक्ष दिले नाही. हे वाक्य मी पुढच्या वर्षी वाचणार आहे हे तेव्हा ठाऊक नव्हते, आणि म्हणून ते खोडले नाही. (ही ओळ नंतर जोडली.)

तलावाखालच्या बांधीचे मालक पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, पाहायला आले होते. सगळे गाव त्यांना बाबाजी म्हणते, मीही म्हणतो. मी काय शोधतो आहे ते ऐकून ते म्हणाले, "गुरुजी, ते पाखरू पावसासंगं येते न धान कापलं का जाते. अजून आलं नसंन."

१६ जुलै २०२३

आज मिळाले. सांड्याच्या वरच्या कासाच्या बेटात चार पक्षी होते. दुर्बिणीतून अंतर वीस-पंचवीस पावलांचे. पक्ष्याची लांबी जेमतेम दहा सेंटिमीटर, म्हणजे चिमणीहून बराच लहान, आणि गवताच्या काडीवर बसला तरी काडी फारशी वाकत नाही. चोच लाखेसारखी तांबडी होती.

अडचण अशी की मी ज्या नराचे चित्र मनात धरून गेलो होतो तो तेथे नव्हताच. एका नराचे तोंड आणि गळा लाल होता, पण छातीवर मातकट पिसांचे तुकडे होते, जणू कोणी अर्धे रंगवून उठून गेले होते. दुसऱ्याची पाठ अजून तपकिरी होती आणि पोटावर लाल डाग इकडे-तिकडे उगवल्यासारखे दिसत होते. तिसरा जवळजवळ पूर्ण लाल होता. चौथी मादी असावी असे समजलो. तिन्ही नर एकाच बेटात, एकाच सकाळी, आणि तिघांचे तीन रंग. मी रेखाटने तिघांचीही केली, पण चित्रासाठी तिसरा धरायचा असे ठरवून घरी आलो.

घरी आल्यावर ते ठरवणे पटेना. पुस्तकातील नर हा वर्षातल्या सर्वांत चांगल्या दिवशीचा नर असतो, हे मला ठाऊक होते. पण आज दिसलेल्या तिघांपैकी दोघे पुस्तकात बसत नव्हते, आणि नोंदवही तर आमच्या गावात काय दिसते त्याची आहे.

३० जुलै २०२३

पंधरा दिवस फक्त लाल रंगावर गेले. नराचा लाल एकसारखा नसतो : डोक्यावर आणि शेपटीच्या मुळाशी तो गडद किरमिजी असतो, छातीवर किंचित नारिंगीकडे झुकतो, आणि पोटाच्या खालच्या भागात काळ्यात मिसळून जातो. अ‍ॅलिझरिन क्रिमसन कागदावर सुंदर बसतो, पण उजेडात उडतो. ग्रामपंचायतीच्या खिडकीशी टांगलेल्या चित्रासाठी तो वापरणे म्हणजे दोन वर्षांत गुलाबी मुनिया करणे. शेवटी क्विनॅक्रिडोन लाल तळाला आणि त्यावर कॅडमियमचा पातळ हात, अशी जोडी जमली.

पक्ष्याचे काम माझ्याहून सोपे नाही. पिसांतील काळा आणि तपकिरी रंग पक्ष्याचे शरीर स्वतः तयार करते, पण लालासाठी लागणारा मूळ पिवळा माल, म्हणजे कॅरोटिनॉइड, त्याला अन्नातून मिळवावा लागतो, आणि मग शरीरात त्याचे रूपांतर होऊन तो लाल होतो. हे रूपांतर घडवणारे जनुक २०१६ मध्ये झेब्रा फिंच आणि लाल कॅनरी या पक्ष्यांत सापडले. त्यांपैकी झेब्रा फिंच हा आपल्या मुनियाच्याच कुळातला आहे. म्हणजे सांड्यावरच्या त्या पक्ष्याच्या छातीवर जे दिसते ते गवताचे बीच आहे, भट्टीतून काढल्यासारखे दुसऱ्या रंगाचे झालेले.

ठिपके हा दुसरा छळ. ते पिसांच्या टोकाशी असतात, त्यामुळे पक्षी अंग फुगवतो तेव्हा पसरतात आणि आवळतो तेव्हा जवळ येतात. त्यांच्यासाठी कागद कोरा राखायचा म्हणून मास्किंग फ्लुइडचे थेंब ठेवले, तर पावसाळी हवेत कागद ओला राहून थेंब काढताना वरचा पापुद्राच निघाला. मेणबत्तीचे मेण लावून पाहिले. ठिपके वाटाण्याएवढे झाले. अखेर बारीक कुंचल्याने ठिपका सोडून भोवतीने रंगवणे, आणि कडा चुकली तेथे झिंकचा पांढरा टेकवणे, हाच मार्ग उरला. जुने चित्रकार अशा जागी शिशाचा पांढरा लावत. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी तो काळा पडतो, म्हणून जुन्या चित्रांत पांढऱ्या जागी काळपट डाग दिसतात. झिंकला तो रोग नाही.

कागद सुकवण्यासाठी लोखंडी पेटीत साठ वॉटचा बल्ब लावला आहे. घरात त्यावरून बोलणी बसली, कारण पेटी पापडांची आहे.

२० ऑगस्ट २०२३

नर आता पूर्ण लाल आहेत. एक नर चोचीत पांढरे पीस धरून मादीजवळ मान वरखाली करत होता. पीस त्याच्या डोक्याएवढे होते. रेखाटन पाच ओळींत झाले आणि तेच या प्रकल्पातले सर्वांत चांगले आहे असे मला वाटते. दुसरी जोडी काडीवर अंगाला अंग लावून बसली होती आणि एकमेकांच्या मानेची पिसे विंचरत होती.

घरटे दाट गवतात, जमिनीपासून फार वर नाही; गवताच्या पात्यांचा गोळा आणि बाजूला भोक. पाच-सहा पांढरी अंडी असतात असे पुस्तकात आहे. मी मोजायला गेलो नाही. नातीने, जी सातवीत आहे आणि जिचे डोळे माझ्या दुर्बिणीहून चांगले आहेत, जागा लांबून दाखवली, आणि तिला मी सांगून ठेवले आहे की ही जागा शाळेत सांगायची नाही. घरट्याचे चित्र काढणार नाही. गवत बाजूला केले की ते पुन्हा तसेच मिटत नाही, आणि कावळ्याला तेवढे पुरते.

१० सप्टेंबर २०२३

मादीचे पान. नराला सहा आठवडे लागले आणि मादीला चार दिवसांत उरकू असे वाटले होते. आज अकरावा दिवस आहे. तिच्यात दाखवायला काही नाही असे पहिल्यांदा वाटते : पाठ तपकिरी, पोट मातकट पिवळे, डोळ्यापुढे काळी रेघ, पंखावर थोडे पांढरे ठिपके, चोच लाल आणि शेपटीच्या मुळावर लाल. पण तो पिवळा मातीचा आहे की वाळल्या गवताचा, हे ठरवायला दोन कागद गेले. बहुतेक चित्रांत मादी नराच्या मागे, अर्धी झाकलेली, एका कोपऱ्यात बसवलेली असते. मीही पहिल्या आराखड्यात तसेच केले होते. आता ती पुढे आहे, आणि शेपटीच्या मुळाचा लाल दिसावा म्हणून पाठमोरी.

८ ऑक्टोबर २०२३

समितीच्या बैठकीत दोन पाने दाखवली. एक सदस्य म्हणाले की नर आणखी लाल हवा, कारण चित्र लांबून उठून दिसले पाहिजे. दुसऱ्यांनी मोबाइलवर ऑस्ट्रेलियातील गोल्डियन फिंचचे चित्र काढून पुढे केले : हिरवी पाठ, जांभळी छाती, पिवळे पोट. "गुरुजी, असं काहीतरी पायजे." मी म्हटले की हा पक्षी आपल्या तलावावर येणे नाही.

तरी त्या चित्रावरून एक गोष्ट सांगता आली आणि ती बैठकीत ऐकलीही गेली. जॉन गोल्ड या इंग्रज पक्षितज्ज्ञाने १८४४ मध्ये त्या फिंचला आपल्या दिवंगत पत्नीचे, एलिझाबेथ गोल्डचे, नाव दिले. त्याच्या ग्रंथांसाठी दगडावर पक्षी रेखाटणारी तीच होती, आणि १८४१ मध्ये तिचे निधन झाले होते. या पक्ष्याची डोकी तीन रंगांची असतात, काळी, लाल आणि क्वचित पिवळी. एकाच जातीचे हे तीन प्रकार एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी तीन वेगळ्या जाती मानून त्यांना वेगवेगळी नावे दिली. पेटीतली कातडी पाहून नाव ठेवणाऱ्याला हे पक्षी एकाच थव्यात उडतात हे कळायला मार्ग नव्हता.

मग मी विचारले की आपल्या मुनियाचे अर्धवट लाल नर नोंदवहीत कोणत्या नावाने घालायचे. कोणी बोलले नाही. अखेर एका पानाची मागणी मी मागे घेतली आणि पानाला जोडून घडी घालता येईल अशी लांब पट्टी मागितली, जिच्यावर वर्षभरातली रूपे ओळीने येतील. कागदाचा खर्च माझा म्हटल्यावर ठराव लगेच झाला.

नराला आणखी लाल केलेले नाही. लहानपणी तालुक्याच्या आठवडी बाजारात मी हिरव्या आणि जांभळ्या मुनिया पाहिल्या आहेत. त्या साध्या मुनियाच असत, विकणाऱ्याने रंगात बुडवून काढलेल्या, आणि पहिल्या पावसात तो रंग पिंजऱ्याच्या तळाला उतरत असे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि देशी पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासून पूर्ण बंद आहे, तरी पिंजरे दिसतात. कुंचला हातात घेऊन तोच धंदा करण्याची माझी इच्छा नाही.

५ नोव्हेंबर २०२३

हलके धान कापून झाले. कापलेल्या बांध्यांत थवे उतरतात. आज एका थव्यात तीसच्या आसपास पक्षी होते आणि त्यांत ठिपकेवाल्या मुनियाही मिसळल्या होत्या. या वर्षीची पिल्ले ओळखू आली : अंगावर लाल कोठेच नाही, शेपटीच्या मुळावरही नाही, चोच काळपट आणि पंखावर फिक्या मातकट दोन पट्ट्या. पट्टीवर तिसरी आकृती पिल्लाची.

तलावाच्या दुरुस्तीचे काम घेतलेल्या ठेकेदाराच्या यंत्राने गेल्या आठवड्यात पाळ साफ केली. बेशरम काढायची होती; तिच्याबरोबर सांड्याजवळचे कासाचे बेटही गेले, कारण यंत्र चालवणाऱ्याला दोन्ही हिरवेच. घरट्यांचा काळ बहुतेक उलटला होता, एवढेच नशीब. समितीच्या पुढच्या बैठकीत दक्षिणेकडचा शंभर पावलांचा पट्टा राखण्याचा विषय ठेवला आहे.

२४ डिसेंबर २०२३

नर उतरू लागले. जुलैत जे डाग उगवताना पाहिले तेच आता मावळताना दिसतात, पण क्रम अगदी उलटा नाही. काहींच्या पोटाचा काळा आधी जातो आणि गळ्यावर लाल रेंगाळतो. मुनियांच्या कुळात असा ऋतूप्रमाणे पिसारा बदलणारा पक्षी विरळाच. चोच अजून लाल आहे, मात्र जुलैची लाख आता जुन्या वहाणेच्या रंगाकडे चालली आहे. दिवसाच्या लांबीशी हे बदल बांधलेले आहेत असे अभ्यासक सांगतात.

चौथी आकृती आज पुसून पुन्हा काढली.

२१ जानेवारी २०२४

थंडी आणि धुके. बाहेरचे काम थोडे, म्हणून घरी चोचींची रंगपट्टी सुरू केली : दर महिन्याला पाहिलेली एक चोच, एका ओळीत, फक्त चोच.

ती करताना लक्षात आले की हे काम संग्रहालयातून होणेच शक्य नाही. पेंढा भरलेल्या किंवा कातडी करून ठेवलेल्या पक्ष्याच्या पिसांचा रंग बराच काळ टिकतो, पण चोच, पाय आणि डोळे यांचे रंग मेल्यावर लवकरच जातात. कातडीवरून काढलेल्या चित्रात चोचीचा रंग म्हणजे कोणाची तरी टिपणी किंवा कोणाचा तरी अंदाज. उलट, १७७७ पासून कलकत्त्यात तेथील सरन्यायाधीशांच्या पत्नी लेडी मेरी इम्पे यांच्यासाठी शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास या पाटण्याच्या चित्रकारांनी जी चित्रे केली, ती त्यांच्या बागेत पाळलेले जिवंत प्राणी-पक्षी समोर ठेवून केली. त्या पक्ष्यांच्या पायांवरची खवल्यांची घडी पाहिली की फरक कळतो. तेवढा हात माझा नाही, पण समोरचा पक्षी त्यांच्या पक्ष्याहून मोकळा आहे, आणि तो उडून गेला की दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे लागते, हा माझा तोटा आणि त्याचा फायदा.

१८ फेब्रुवारी २०२४

आज बाबाजींना बरोबर नेले. लाखोरीचे कडधान्य सवंगून, म्हणजे कापून, झाले होते आणि त्यांना सवड होती. दक्षिणेकडच्या राखलेल्या पट्ट्यात मातकट पाखरांचा थवा होता, बारा-चौदा. मी म्हटले, हाच तो लाल मुनिया. ते हसले. "गुरुजी, हे तं भुरके पाखरं आहेत. हे बारमाही इथंच राह्यतेत. लाल वायला."

मी वाद घातला नाही. दुर्बीण त्यांच्या हाती दिली आणि थवा उठेपर्यंत थांबलो. बराच वेळ लागला. मग एक ढोर पाळीवर चढले आणि थवा उठला, आणि उठताना प्रत्येक पाखराच्या शेपटीच्या मुळाशी तांबडी ठिणगी दिसली. ते काही बोलले नाहीत. थवा पुन्हा बसल्यावर त्यांनी परत दुर्बीण लावली आणि पंखावरचे पांढरे ठिपके बोटावर मोजले. "म्हणजे हे जातच नाही," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने : "साठ वर्षं झाले पाह्यतो मी याले."

त्यांची चूक म्हणावी तर ती माझीही होती. २ जुलैला जो मातकट थवा मी सोडून दिला तो हाच असणार. जुलैच्या आरंभी बरेच नर रंगात आलेले नसतात. मी त्या दिवशी लाल पक्षी शोधत होतो, मुनिया शोधत नव्हतो. कातड्यांवरून तीन जाती करणारे पंडित आणि आम्ही दोघे, यांत फरक एवढाच की आमच्यापाशी पक्षी रोज समोर होता.

पाचवी आकृती याच थव्यावरून केली. नर आणि मादी या दिवसांत इतके सारखे दिसतात की मी खाली नर असे लिहायला धजलो नाही. 'विणीच्या हंगामाबाहेरील' एवढेच लिहिले.

१४ एप्रिल २०२४

संध्याकाळी गावात बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक आहे, म्हणून पहाटेच जाऊन आलो. तलाव आटून मधल्या खोलगट भागात पाणी राहिले आहे आणि सगळे पक्षी त्याच्या कडेला येतात, त्यामुळे कधी नव्हे इतके जवळून पाहता आले. चोच काळी. फेब्रुवारीत ती मळकट तांबडी होती, मार्चच्या शेवटी गडद, आणि गेल्या दोन आठवड्यांत इतक्या झपाट्याने काळी झाली की रंगपट्टीत एप्रिलसाठी एक घर पुरले नाही, दोन केली.

सव्वासातला ऊन असह्य झाले. रंग कागदावर टेकवताच सुकतो. पावसाळ्यात पेटीत बल्ब लावणाऱ्या माणसाला आता कुंचला दर मिनिटाला भिजवावा लागतो.

१९ मे २०२४

काळ्या चोचीच्या मुळाशी तांबूस छटा दिसली. नातीला आधी दिसली, मला दुर्बिणीने. पिसे अजून पूर्ण मातकट. म्हणजे रंग आधी चोचीत येतो आणि अंगावर नंतर उतरतो. रंगपट्टीचे शेवटचे घर भरले.

२६ मे २०२४

पट्टी समितीला दिली. लांबी बहात्तर सेंटिमीटर, पाच आकृत्या आणि खाली चोचींची ओळ. लॅमिनेशन करण्याचा आग्रह झाला तो मी मानला नाही, कारण उष्णतेने रंगावर फुगे येतात; त्याऐवजी प्लॅस्टिकच्या खिशात घडी करून ठेवायचे ठरले. आणखी लाल हवा म्हणणाऱ्या सदस्यांनी पट्टी उलगडून बराच वेळ पाहिली आणि दुसऱ्या आकृतीवर बोट ठेवून हेच मुखपृष्ठावर घ्या असे सांगितले. ते घेऊ.

तक्ता पक्क्या शाईने लिहायचा राहिला होता. बाबाजी तेथेच बसले होते. 'आढळण्याचा काळ' या रकान्यातले पेन्सिलीचे 'पावसाळा' खोडून मी 'वर्षभर' लिहिले, तेव्हा ते म्हणाले की एवढ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, पुढे लिहा. रकाना लहान आहे. बारीक अक्षरांत त्यांनी सांगितले तसे लिहिले : "वर्षभर. पावसात लाल, उन्हाळ्यात भुरका. उडाला का बुडाशी पाहा."